पहिली ट्रायथलॉन, तीही हायब्रिड सायकलवर

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा मजकूर. बोलताना जे 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच वाजलेला कुकर होता तेवढा काढलाय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून लोकलमध्ये ऐकताय, की हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय? कुठेही असा, पुढची वीस मिनिटं माझ्याबरोबर राहा.

आज विषय एकदम साधा आहे. पहिली ट्रायथलॉन करायची आहे आणि घरी हायब्रिड सायकल आहे. चालेल का? गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं एकदाच बोलून टाकू. उत्तर आधीच देतो: चालेल. पण 'चालेल' म्हटलं की विषय संपला असं होत नाही, कारण मी स्वतः हा प्रश्न दोन वर्षं धरून बसलो होतो. आणि खरं तर माझा प्रश्न सायकलचा नव्हताच. ते पुढे सांगतो.

आधी माझी ओळख, नवीन लोकांसाठी. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय अठ्ठावीस, राहतो वाकडला, गाव कराडजवळ. बीटेक झाल्यापासून बसूनच काम. लॉकडाऊननंतर वजन ८६ झालं तेव्हा घाबरून एक हायब्रिड सायकल घेतली, २२ हजारांची. सरळ हँडल, ७००×३८सीचे जाड टायर, पुढे सस्पेन्शन, मागे स्टँड. सोसायटीत सगळे म्हणाले, मस्त आहे. मीही खूश. रविवारी पाषाणपर्यंत जायचो, मिसळ खाऊन परत. जाळलेल्या कॅलरीज तिथेच भरून निघायच्या, हे वेगळं. (हसतो)

मग ऑफिसमधल्या एका मित्राने ट्रायथलॉन केली आणि डोक्यात किडा शिरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकामागोमाग एक, मध्ये घड्याळ थांबत नाही. सगळ्यात प्रचलित छोटं अंतर म्हणजे स्प्रिंट: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिक अंतर त्याच्या बरोबर दुप्पट: दीड किलोमीटर, ४०, १०. आणि गोव्यात मिरामारला २०१९पासून सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३ आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे, त्यात १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल आणि २१.१ धावणं.

मी ठरवलं, स्प्रिंट करायची. आणि लगेच दुसरं वाक्य ठरलं: 'पण आधी रोड बाइक घ्यायला हवी.'

इथून दोन वर्षं गेली. मस्करी नाही, दोन वर्षं. रोज रात्री व्हिडिओ बघायचे. कार्बन फोर्क कुठला, गिअर कुठले, डिस्क ब्रेक की रिम ब्रेक. सगळ्यात आवडलेली सायकल ९० हजारांची. कार्टमध्ये टाकायची, ईएमआय बघायचा, काढून टाकायची. पहिल्या वर्षी स्पर्धेचं रजिस्ट्रेशन सुरू झालं, मी म्हटलं सायकल नाहीये, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी आमच्याकडे अप्रेझल असं झालं की त्याला अप्रेझल म्हणणं म्हणजे थट्टाच. शेजारच्या टीममधले चार जण एका आठवड्यात गेले. ९० हजार उडवायची हिंमत नव्हती. म्हटलं, बघा, सायकल नाही तर काय करणार?

तेव्हा ताई घरी आली होती. माझी मोठी बहीण, साताऱ्याला शाळेत शिक्षिका आहे. मी तिला आपलं हायब्रिड-रोड बाइक पुराण ऐकवत होतो, हवेचा विरोध, वजन, वगैरे. तिने शांतपणे चहा संपवला आणि म्हणाली, "अरे, सायकल तरी तुझ्याकडे आहे. पोहायला कधीपासून लागलास तू?"

मी गप्प.

कारण तिला माहीत होतं. मी नऊ वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत गावच्या विहिरीत पोहायला शिकत होतो. तुमच्यापैकी जे गावाकडचे आहेत त्यांना माहीत असेल, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि वरून ढकलून द्यायचं. हीच स्विमिंग अकॅडमी. माझ्या डब्याची दोरी सुटली. किती वेळ खाली होतो मला आठवत नाही. हिरवं पाणी आठवतं आणि चुलत भावाने केसाला धरून वर ओढलेलं आठवतं. ताई काठावर उभी होती. त्यानंतर मी पाण्यात उतरलोच नाही. कॉलेजची ट्रिप काशीदला गेली तेव्हा मी सगळ्यांच्या चपला सांभाळत बसलो होतो.

तर मंडळी, दोन वर्षं मी सायकलच्या मागे लपलो होतो. सायकल हे चांगलं कारण असतं. पैशाचं कारण कोणालाही पटतं. 'मला पाण्याची भीती वाटते' हे अठ्ठाविसाव्या वर्षी सांगायला लाज वाटते.

त्याच आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. महापालिकेच्या तलावावर सकाळची बॅच लावली. आणि सायकलचा प्रश्न एकदाचा आकडे मांडून निकालात काढायचं ठरवलं. इंजिनिअर आहोत ना, लॉगिंग तरी करू.

आता सायकलकडे येऊ. हा भाग ज्यांना हवा आहे त्यांनी नीट ऐका.

हायब्रिड हळू का असते? लोक म्हणतात वजन. वजनाने चढावर फरक पडतो, पण सपाट रस्त्यावर मोठा शत्रू हवा आहे. हायब्रिडवर आपण ताठ बसतो, छाती म्हणजे शिडासारखी. आणि गंमत अशी की हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी २० वरून २५ला जायचं, वेग फक्त सव्वापट, पण हवेसाठी लागणारी ताकद जवळपास दुप्पट. म्हणून हायब्रिडवर एका वेगापर्यंत मस्त वाटतं आणि मग एकदम भिंत लागल्यासारखं होतं. दुसरा शत्रू टायर. जाड, खाचा असलेला आणि त्यात हवा कमी भरलेला टायर प्रत्येक फेरीत थोडी थोडी ताकद खातो.

मी चाचणी केली. रविवारी पहाटे, एकच २० किलोमीटरचा बऱ्यापैकी सपाट रस्ता, मनगटावर घड्याळ, हृदयाचे ठोके साधारण तेवढेच ठेवायचे. हायब्रिड जशी होती तशी: ५३ मिनिटं. पुढच्या रविवारी मित्राची रोड बाइक मागून घेतली: ४७ मिनिटं. फरक ६ मिनिटं. हे माझे आकडे आहेत, एका माणसाचे, प्रयोगशाळेतले नाहीत. तुमचे वेगळे येतील. पण अंदाज यायला पुरेसे.

मग मित्राचीच सायकल का नाही वापरली? तो पाच फूट सहा, मी पाच फूट अकरा. त्या वीस किलोमीटरनंतर माझे गुडघे दोन दिवस बोलत होते. आणि वळणदार हँडलचे ब्रेक, गिअर यांची सवय व्हायला वेळ लागतो. दोन दिवस चालवलेल्या उसन्या सायकलवर स्पर्धेला उतरू नका.

मग मी आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. म्हटलं, काका, ही थोडी पळती करायची आहे. ते म्हणाले, "पळायचं तुम्हालाच आहे, पण बघू." काय काय केलं ते क्रमाने सांगतो.

एक, टायर. ३८सीचे काढून ३२सीचे गुळगुळीत टायर टाकले. यापेक्षा बारीक बसतील का हे तुमच्या रिमच्या रुंदीवर आहे, ते दुकानात मोजून घ्या, अंदाजाने ऑनलाइन मागवू नका. टायर बारीक केलात की ट्यूबही त्या मापाची घ्या. हवा किती भरायची हे टायरच्या बाजूला छापलेलं असतं, किमान आणि कमाल. माझं वजन तेव्हा ७८, मी ७० पीएसआयच्या आसपास ठेवत होतो, पुढे थोडी कमी. कमाल आकड्यापर्यंत ठासून भरली म्हणजे जास्त पळेल असं नाही, आपल्या रस्त्यांवर ती नुसती उडते. सगळ्या बदलांत सर्वात जास्त फरक मला याने पडला.

दोन, सस्पेन्शन लॉक. ज्यांच्या पुढच्या फोर्कला लॉकआउट आहे त्यांनी चांगल्या रस्त्यावर ते लॉक करा. नाहीतर उठून पेडल मारताना तुमची ताकद फोर्क खाली-वर करण्यात जाते.

तीन, सीटची उंची. नव्वद टक्के लोक सीट खूप खाली ठेवतात असं मला वाटतं. म्हणजे आकडा माझ्या मनाचा आहे, पण सिग्नलला उभे राहून बघा. सोपी पद्धत: भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली न्या, टाच पेडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा वाक राहतो. माझी सीट जवळजवळ दोन इंच वर गेली. गुडघेदुखी गेली ती बोनस.

चार, हँडल खाली. हँडलच्या दांड्याखाली बऱ्याच सायकलींना चकत्या असतात. त्या काढून वर टाकल्या की हँडल तेवढं खाली येतं, आपण थोडे वाकतो, हवा कमी लागते. हे स्वतः करू नका, मेकॅनिककडून करून घ्या, ते नीट कसलं गेलं नाही तर हँडल हलतं. आणि एकदम सगळं खाली नेऊ नका, पाठ ओरडेल. बाकी वाकणं फुकट आहे: कोपरं वाकवा, खांदे सैल सोडा, उतारावर गुडघे आत.

पाच, फालतू सामान काढा. स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, मोबाइलचा होल्डर. बाटलीचा पिंजरा मात्र लावा. हँडलच्या टोकांना बूच आहेत का बघा. उघडी नळी पडल्यावर पोटात घुसू शकते, म्हणून नियमातच आहे की टोकं बंद हवीत. मी टोकांना छोटी शिंगंही लावली, बार एंड, म्हणजे हाताची जागा बदलता येते.

सहा, सर्व्हिसिंग. चेन, ब्रेक, गिअर. ब्रेकवर एक रुपयाही वाचवू नका.

हिशोब: टायर दोन, २,८००. ट्यूब दोन, ६००. बार एंड ४५०, पिंजरा २५०, सर्व्हिसिंग ८००. एकूण ४,९००.

परत तोच रस्ता, तेच ठोके: साडेपन्नास मिनिटं. म्हणजे सहापैकी अडीच मिनिटं ४,९०० रुपयांत आली. उरली साडेतीन. ती साडेतीन मिनिटं ९० हजारांना, म्हणजे मिनिटाला २५ हजारांच्या वर. माझ्या एका मिनिटाची किंमत एवढी नाहीये, माझ्या मॅनेजरला विचारा. (हसतो)

आणखी एक. काही लोक विचारतात, हायब्रिडच्या सरळ हँडलवर ते पुढे कोपरं टेकायचे एअरो बार लावू का? पहिल्या स्पर्धेला माझा सल्ला, नको. हात ब्रेकपासून लांब जातात, सरळ हँडलच्या सायकलची मापं त्या बैठकीसाठी केलेली नसतात आणि गर्दीत तोल गेला तर तुम्ही एकटे पडत नाही.

आणि हायब्रिडचे दोन फायदे कोणी सांगत नाही. ताठ बसल्याने खड्डा लांबून दिसतो. आणि साधी पेडल असल्याने क्लिपवाले बूट नाहीत, ज्या बुटात सायकल त्याच बुटात धावणं. सायकल ठेवली, हेल्मेट काढलं, निघालो. बूट बदलायचा वेळ शून्य.

सरावात मी एकच गोष्ट सक्तीने केली, ब्रिक. म्हणजे सायकलवरून उतरायचं आणि लगेच धावायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा पाय माझे नव्हतेच, कोणीतरी सिमेंटचे बसवले होते. १५ किलोमीटर सायकल आणि लगेच २ किलोमीटर धाव, आठवड्यातून एकदा. चार-पाच आठवड्यांत शरीराला कळतं की याचं असंच असतं. सायकलवर शेवटचे दोन किलोमीटर हलका गिअर टाकून पाय जरा पटपट फिरवायचे, त्याने मला मदत झाली.

आणि पोहणं? पहिले तीन आठवडे मी छातीएवढ्या पाण्यात बुडबुडे काढत होतो. शेजारच्या लेनमध्ये सहा वर्षांची मुलगी सूर मारायची आणि मी कठडा धरून. कोच म्हणाले, "साहेब, पाणी तुम्हाला बुडवत नाही, तुम्ही श्वास धरून बसता म्हणून बुडता. सोडा श्वास." पाण्याखाली श्वास सोडत राहायचा, तोंड बाहेर आलं की घ्यायचा. एवढं एक वाक्य शिकायला मला तीन आठवडे लागले. तलाव २५ मीटरचा, म्हणजे ७५० मीटरला ३० वेळा पार करायचा. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा तीस झाले. मी ताईला फोन केला तेव्हा ती वर्गात होती, तिने नुसतं "अरे वा" म्हटलं आणि फोन ठेवला. मग दहा मिनिटांनी परत केला.

स्पर्धा होती कोल्हापूरला, राजाराम तलावावर, विद्यापीठाजवळ. आदल्या दिवशी सायकल कारच्या मागच्या सीटवर पुढचं चाक काढून घातली, बरोबर ताई आणि भाऊजी. रात्री झोप नाही. पहाटे साडेचारला उठून दोन केळी.

ट्रान्झिशन म्हणजे जिथे सगळ्यांच्या सायकली लावतात, तिथे गेलो आणि पोटात गोळा. सगळीकडे कार्बन. दांड्याला सीट अडकवून ओळीत सायकली लटकवतात, आणि माझं रुंद हँडल शेजारच्याच्या हँडलमध्ये अडकलं. शेजारी पन्नाशी ओलांडलेले एक काका. मी म्हटलं सॉरी. त्यांनी माझ्या सायकलकडे बघितलं, म्हणाले, "हायब्रिड का? बरं आहे, पाठ तरी शाबूत राहील तुमची." आणि दोघांनी मिळून हँडल एकाआड एक लावलं. हायब्रिडवाल्यांनो, जरा लवकर जा आणि ओळीत टोकाची जागा मिळते का बघा.

मग पाणी. शिट्टी वाजली, मी मुद्दाम सगळ्यात मागे थांबलो. पहिले शंभर मीटर ठीक. मग खाली बघितलं. तलावाचा तळ नाही, टाइल्स नाहीत, रेष नाही. हिरवं पाणी. तेच हिरवं.

मी थांबलो. श्वास धरला, म्हणजे जे करू नको म्हणून पाच महिने शिकलो तेच. हात मारतोय पण पुढे जात नाहीये. मनात एकच, दोरी सुटली.

आता एक नियम सांगतो, जो मला माहीत होता म्हणून मी आज इथे बोलतोय. ट्रायथलॉनमध्ये कुठल्याही पद्धतीने पोहता येतं आणि दमलात तर थांबलेल्या बोटीला किंवा तरंगत्या खुणेला धरून विश्रांती घेता येते. फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. मी हात वर केला. कयाकमधला मुलगा आला, अगदी पोरगेला, वीस-एकवीसचा. म्हणाला, "भावा, धर हितं. दम खा. तळं काय पळून जात न्हाई."

मी धरलं. किती वेळ माहीत नाही, घड्याळानुसार पाच मिनिटं. सगळे पुढे गेले होते. तो मुलगा दुसरं काही बोलला नाही, 'चल', 'जमेल' वगैरे काही नाही. मला तेव्हा वाटलं, आता सोडून दिलं तर? कोणी काही म्हणणार नाही. सायकल हायब्रिड होती, असंही सांगता येईल. हे खरंच मनात आलं. पाण्यात, बोटीला धरलेलं असताना, मी अजून सायकलवर ढकलत होतो.

मग श्वास सोडला. पाण्यात तोंड घालून बुडबुडे. पहिल्या आठवड्यातले बुडबुडे. दहा वेळा. आणि सोडली बोट. दर सात-आठ हातांनी डोकं वर करून पुढची खूण बघायची, थोडं ब्रेस्टस्ट्रोक, थोडं फ्रीस्टाइल. बाहेर आलो तेव्हा २७ मिनिटं झाली होती. ताई काठावर उभी होती. ती काही बोलली नाही, टॉवेल घेऊन उभी होती, आणि द्यायला परवानगी नाही म्हणून तसाच धरून उभी होती.

ट्रान्झिशनमध्ये मी सहा मिनिटं वीस सेकंद घालवली. ओल्या अंगावर कोरडा टी-शर्ट चढत नाही, हे मला तिथे कळलं. तुम्ही आधी घरी करून बघा किंवा सरळ एकाच कपड्यात सगळं करा. आणि लक्षात ठेवा, सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेटचा पट्टा बंद, परत लावून ठेवेपर्यंत उघडायचा नाही. सायकल हातात धरून मांडणी रेषेपर्यंत जायचं, रेषेपुढे बसायचं. येताना रेषेच्या आधी उतरायचं. बऱ्याच स्पर्धांत दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवायला बंदी असते, ते अंतर माहितीपत्रकात वाचा.

सायकलचं काय सांगू? दोन वर्षं ज्याची चिंता केली तो भाग सगळ्यात कंटाळवाणा निघाला. लोक सुं करून पुढे जात होते, मी मोजले, चौदा. समोरून वारा होता, मी कोपरं वाकवून बसलो. एक गिअर नीट पडत नव्हता, तो सोडून दुसरे वापरले. परतीला एका छोट्या चढावर मी दोघांना मागे टाकलं, त्यातल्या एकाची चेन उतरली होती, त्यामुळे तो धरू नका. (हसतो) वेळ ५१ मिनिटं ४० सेकंद. जवळजवळ सरावातलीच. तीन मिनिटांत सायकल लावून बाहेर, आणि ५ किलोमीटर ३६ मिनिटं १० सेकंदांत. त्यात शेवटचा किलोमीटर मी अर्धा चाललो, तेही सांगून टाकतो. एकूण दोन तास, चार मिनिटं, पंधरा सेकंद. गळ्यात मेडल, हातात पोहे.

पुण्याला परत येताना कारमध्ये मी हिशोब मांडला. रोड बाइक असती तर वाचली असती साडेतीन मिनिटं. बोटीला धरून गेली पाच मिनिटं. टी-शर्टमध्ये गेली किमान चार. म्हणजे वेळ कुठे गेला याच्या यादीत सायकल तिसऱ्या नंबरवर.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. हायब्रिड प्रत्येक ठिकाणी पुरते असं मी म्हणत नाहीये. वीस किलोमीटरला जे साडेतीन मिनिटं ते नव्वदला पंधरा मिनिटांच्या आसपास जातं, आणि तिथे पोहण्या-सायकलच्या वेळेची मर्यादा असते. शिवाय सरळ हँडलवर तीन-साडेतीन तास एकाच पकडीने हात बधिर होतात. गोव्याची तयारी करायची असेल तर रोड बाइकचा विचार रास्त आहे. मीही करेन. पण तो विचार पहिली स्पर्धा झाल्यावर करा. तेव्हा तुम्हाला कळलेलं असेल की तुम्हाला हे आवडतंय का, तुमचं माप काय, पाठ काय म्हणते. जुनी सायकल नीट असेल आणि ब्रेक चांगले असतील तर ती पुरेशी आहे. ब्रेक चांगले नसतील तर मात्र कुठलीच सायकल पुरेशी नाही.

आणि हा खेळ सुरू कुठे झाला माहितीये? २५ सप्टेंबर १९७४, अमेरिकेत सॅन दिएगोचा मिशन बे. ४६ लोक जमले होते. तेव्हा 'ट्रायथलॉन बाइक' नावाची वस्तूच जगात नव्हती. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ यायला २०००चं सिडनी उजाडलं. म्हणजे आधी माणसं उतरली, सायकली नंतर आल्या.

शेवटी एकच. तुमच्याकडेही अशी एखादी 'सायकल' असेल. लॅपटॉप चांगला नाही म्हणून न शिकलेली गोष्ट, कॅमेरा नाही म्हणून न बनवलेला व्हिडिओ. कधीकधी ते कारण खरंच खरं असतं, पैसा नसतो, मी ते जगलोय. पण एकदा स्वतःला विचारा, उद्या ती वस्तू फुकट मिळाली तर मी परवा सुरू करेन का? मला कोणी फुकट रोड बाइक दिली असती तरी मी पाण्यात उतरलो नसतो. ते मला विचारायला ताई लागली.

या मे महिन्यात गावी गेलो होतो. विहिरीचं पाणी बरंच खाली गेलेलं. वरून उडी मारायची हिंमत अजून नाही, खरं सांगतो. पायऱ्या उतरून गेलो आणि दोन फेऱ्या मारल्या. चुलत भावाचा मुलगा, आठ वर्षांचा, डबा बांधून काठावर तयार होता. मी त्याला थांबवलं आणि त्याची दोरी सोडून परत बांधली. दोन गाठी मारून, ओढून बघितली. मग त्याच्या आधी मी पाण्यात उतरलो.

चला, आज इतकंच. तुमची हायब्रिड कुठली, टायर कितीचे, पहिली स्पर्धा कधी, मला व्हॉइस नोट पाठवा, निवडक पुढच्या भागात लावू. आणि पोहायला जात असाल तर कोचशिवाय आणि एकटे जाऊ नका, उघड्या पाण्यात तर अजिबात नाही. पुढच्या भागात पगार आणि एसआयपीवर बोलू, म्हणजे ती ९० हजारांची सायकल कधी येणार ते कळेल. काळजी घ्या, भेटू.